‘सार्जंट बिल्को’ पहिल्यांदा बघताना: कुठून सुरुवात करावी आणि कुठे लक्ष ठेवावं

‘सार्जंट बिल्को’ हा १९९६ चा अमेरिकन विनोदी चित्रपट लावला आणि वीस मिनिटांत बंद केला, असं सांगणारे अधूनमधून भेटतात. जरा खोदून विचारलं की कारण बहुधा एकच निघतं. पडद्यावर कोण कोणाचा साहेब आणि कोण कोणाला घाबरायला हवं, याचाच पत्ता लागलेला नसतो. मग बिल्को झालेला स्टीव्ह मार्टिन नुसता भराभर बोलतोय आणि बाकीचे धावपळ करताहेत, एवढंच दिसतं. सगळी गंमत लष्कराच्या उतरंडीवर बसलेली आहे. ती उतरंड डोक्यात पक्की असेल तर हाच चित्रपट फार मजेत बघता येतो. म्हणून अगदी कोऱ्या पाटीने येणाऱ्यांसाठी ही वाट नीट आखून देतो आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅन्ससमधल्या फोर्ट बॅक्स्टर नावाच्या काल्पनिक अमेरिकन लष्करी तळावर मास्टर सार्जंट अर्नेस्ट बिल्को गाड्यांचा विभाग सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर सरकारी गाड्या भाड्याने देतो, जुगार चालवतो, पैजा लावतो आणि हाताखालच्या साऱ्या पलटणीला या धंद्यात सामील करून घेतो. वरचा कर्नल भला माणूस आहे, पण त्याचं चित्त दुसरीकडे. जमिनीपासून अधांतरी चालणारा रणगाडा त्याला बनवायचाय आणि तो काही केल्या बनत नाही. एवढ्यात मेजर थॉर्न नावाचा तपासणी अधिकारी तळावर येतो. बिल्कोवर त्याचा जुना राग आहे. कथा एवढीच, आणि एवढीच पुरते.

पहिली पायरी: हुद्दे समजून घ्या

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण टाळू नका. अमेरिकन लष्करात माणसांचे दोन मोठे गट. एक कमिशन, म्हणजे अधिकारपदाची सरकारी सनद, मिळालेल्या अधिकाऱ्यांचा: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल आणि वर जनरल. दुसरा शिपायांचा. याच दुसऱ्या गटात वर चढत गेलेले अनुभवी लोक म्हणजे सार्जंट मंडळी, ज्यांना एनसीओ, म्हणजे नॉन-कमिशन्ड ऑफिसर, म्हणतात. शिपाई अधिकाऱ्याला सलाम ठोकतो आणि ‘सर’ म्हणतो. सार्जंटला सलाम नसतो आणि ‘सर’ही नसतं, त्याला ‘सार्जंट’ म्हणूनच हाक मारायची. वयाने पन्नाशीला टेकलेल्या, सगळं कोळून प्यायलेल्या मास्टर सार्जंटलाही कालच भरती झालेल्या पोरसवदा लेफ्टनंटपुढे ताठ उभं राहून सलाम करावा लागतो.

बिल्को नेमका या सांध्यात उभा आहे. हाताखालच्या शिपायांना तो सर्वांत वरचा वाटतो, आणि अधिकाऱ्यांच्या लेखी तो सर्वांत खालच्या गटातला. तळ प्रत्यक्षात चालवतो तो, सही मात्र कर्नलची. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे अधिकार नाही, ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडे माहिती नाही. बिल्कोचा एकूण एक डाव या फटीतून आत शिरतो.

पडद्यावर हुद्दा ओळखायचा तर बाही आणि खांदे बघा. मास्टर सार्जंटच्या बाहीवर वर तीन टोकदार पट्टे आणि खाली तीन कमानी असतात. मेजरची खूण सोनेरी रंगाचं ओकचं पान, लेफ्टनंट कर्नलची तशाच आकाराचं रुपेरी पान, आणि पूर्ण कर्नलची रुपेरी गरुड. एवढ्या खुणा लक्षात राहिल्या तरी निम्मी पात्रं आपोआप जागेवर बसतात. आणखी एक तपशील: हा चित्रपट एका जुन्या टीव्ही मालिकेवरून केलेला आहे. ती सुरू झाली तेव्हा, १९५५ साली, मास्टर सार्जंट हाच शिपायांच्या गटातला सर्वांत वरचा हुद्दा होता. त्याच्या वरच्या दोन वेतनश्रेणी १९५८ साली आल्या. म्हणजे मालिकेतल्या बिल्कोला बढतीची शिडीच संपलेली आहे. अशा माणसाची हुशारी कुठे वळेल, याचं उत्तर मालिका दर भागात देते.

दुसरी पायरी: मोटर पूल म्हणजे काय

बिल्कोच्या खात्याला ‘मोटर पूल’ म्हणतात. तळावरच्या जीप, ट्रक, अधिकाऱ्यांच्या गाड्या इथे उभ्या असतात, दुरुस्त होतात आणि लागतील तशा वाटल्या जातात. इंधन, टायर, सुटे भाग यांचा हिशेबही इथलाच. लेखकांनी हे खातं निवडलं यातच त्यांचं डोकं दिसतं. छावणीत जिला बाहेर मोल आहे आणि जी आपल्या पायाने बाहेर जाऊ शकते अशी वस्तू म्हणजे गाडी. शिवाय प्रत्येक साहेबाला कधी ना कधी गाडी लागतेच, त्यामुळे प्रत्येकाचं काही ना काही बिल्कोकडे अडकलेलं असतं. हे ध्यानात ठेवलं की बडे अधिकारी त्याच्याशी इतके गोडीने का वागतात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: चित्रपटाआधी जुनी मालिका

माझा आग्रह याच पायरीवर आहे. चित्रपट थेट लावू नका. आधी जुन्या मालिकेचे दोन-तीन भाग बघा.

नॅट हायकन या लेखकाने ती सीबीएस वाहिनीसाठी घडवली. २० सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली आणि १९५९ पर्यंत चालली. कृष्णधवल, एकेक भाग साधारण अर्ध्या तासाच्या खिडकीतला. सुरुवातीला तिचं नाव होतं ‘यू विल नेव्हर गेट रिच’, म्हणजे तू काही श्रीमंत व्हायचा नाहीस. शिपायांच्या एका जुन्या गाण्यातली ही ओळ. लवकरच नाव बदलून ‘द फिल सिल्व्हर्स शो’ झालं, कारण लोक बघायचे ते फिल सिल्व्हर्सलाच. टक्कल, जाड काड्यांचा चष्मा, कानशिलापर्यंत पसरणारं हसू आणि ताशा वाजावा तशी जीभ. सिल्व्हर्स बर्लेस्कच्या, म्हणजे चावट विनोदी करमणुकीच्या, रंगमंचावर तयार झालेला नट होता. समोरच्याला वाक्य पुरं करू न देता त्याच्याच तोंडून होकार कसा काढायचा, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं.

आधी मालिका का, याचं कारण फक्त ‘जुनं ते सोनं’ एवढं नाही. १९५५ साली अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती. छावणीतले बरेचसे तरुण हौसेने आलेले नव्हते, त्यांना बोलावणं आलं होतं. नव्या शिपायाला महिन्याला ७८ डॉलर मिळायचे. बघणाऱ्यांपैकी असंख्य पुरुष दुसऱ्या महायुद्धात किंवा कोरियात अशाच बराकीत राहून आलेले. तपासणी, रांगा, निरर्थक हुकूम, तीन-तीन प्रतींतले फॉर्म, सगळं त्यांनी भोगलेलं. त्यामुळे बिल्को लष्कराला शेंडी लावतो तेव्हा त्यांना तो चोर वाटत नसे, आपला माणूस वाटे. सक्तीची भरती १९७३ साली संपली. १९९६ च्या चित्रपटातले शिपाई स्वतःच्या इच्छेने नोकरीला आलेले आहेत. अशा तळावर सरकारी गाड्या भाड्याने लावणाऱ्या माणसाबद्दल प्रेम का वाटावं? चित्रपटापुढची खरी अडचण ही होती, आणि ती सोडवण्यासाठी त्याला एक खलनायक उभा करावा लागला. मालिकेला तशी गरज पडली नाही. तिथे लष्कराचा कारभारच पुरेसा होता.

कोणते भाग बघावेत? माझी निवड तीन भागांची.

पहिला ‘द कोर्ट मार्शल’, १९५६ चा. नव्या रंगरुटांची भरती विक्रमी वेळात उरकून दाखवायची, असं वरच्या साहेबांच्या मनात येतं. एक रंगरूट आपला पाळीव चिंपांझी बरोबर घेऊन आलेला असतो. घाईघाईत तो चिंपांझीही रांगेत लागतो. आता हा प्रसंग सावकाश बघा, कारण विनोद कसा रचतात हे इथे उघड दिसतं. प्रत्येक टेबलावरचा माणूस फक्त समोरच्या कागदाकडे बघतो आहे. नाव विचारणारा मान वर न करता ‘हरी, स्पीक अप’ म्हणजे ‘लवकर, मोठ्याने बोल’ असं ओरडतो, आणि नोंदवहीत शिपायाचं नाव पडतं हॅरी स्पीकअप. पुढे गणवेश मिळतो, वैद्यकीय तपासणी होते, मानसिक चाचणीही पार पडते. कोणी मूर्ख नाही आणि कोणी वाईटही नाही. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो आहे आणि त्या चोखपणातूनच चिंपांझी अमेरिकन सैनिक होतो. चूक कबूल केली तर साहेबांची शोभा, म्हणून त्याला बाहेर काढायचा एकच रस्ता उरतो, कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटला. आरोपीचा वकील कोण, हे सांगायला नकोच. खटला चालू असताना चिंपांझी संहितेत नसताना टेबलावरचा फोन उचलतो, आणि सिल्व्हर्स त्याच क्षणी, आरोपीला दुसरा वकील बोलवायचा आहे अशा अर्थाचं वाक्य जोडून देतो. त्या काळी हे भाग प्रेक्षकांसमोर, नाटकासारखे सलग चित्रित व्हायचे. नटाचा हजरजबाबीपणा इतक्या स्वच्छपणे टिपला गेल्याची उदाहरणं फार नाहीत.

दुसरा ‘द ईटिंग कॉन्टेस्ट’, १९५५ चा. छावणीत एक अचाट खाणारा शिपाई येतो. फ्रेड ग्विन या नटाने तो रंगवलाय. खाण्याच्या स्पर्धेत त्याच्यावर पैज लावायची असा बेत ठरतो. मग कळतं की हा खातो तो फक्त दुःखात असताना. म्हणजे पैज जिंकायची तर त्याला दुःखी ठेवायला हवं. बिल्कोची हाव आणि त्याचं मन यांची ओढाताण या भागात छान दिसते.

तिसरा ‘द ट्विच’. छावणीत जुगारावर करडी नजर आहे आणि शिपायांना बीथोवेनवरच्या व्याख्यानाला बसायचं आहे. व्याख्यान देणाऱ्या बाईंना बोलताना एक अंगविक्षेप करायची सवय असते. तो किती वेळा होईल यावरच पैजा लागतात. सगळी पलटण संगीताच्या व्याख्यानाला जीव कानात आणून बसली आहे, असं साहेबांना वाटतं.

हे भाग बघताना बिल्कोच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडेही बघा. मॉरिस गॉसफील्डने केलेला डोबरमन नावाचा गबाळा शिपाई तर लगेच डोळ्यांत भरतो. शिवाय या पलटणीत कृष्णवर्णीय शिपाई इतरांच्या बरोबरीने वावरताना दिसतात. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लष्करातला वर्णभेद संपवण्याचा आदेश १९४८ साली काढला होता, पण पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीवर हे दृश्य दुर्मीळ होतं. मालिका त्याबद्दल भाषण करत नाही, नुसतं दाखवते. मला ते फार भावतं.

चौथी पायरी: आता चित्रपट

चित्रपट मार्च १९९६ मध्ये आला. लांबी दीड तासाच्या आसपास. दिग्दर्शक जोनाथन लिन. ब्रिटिश मालिका ‘येस मिनिस्टर’च्या दोन लेखकांपैकी एक, हे सांगितलं की अनेकांचे कान टवकारतील. कचेरीतले कागद, सह्या, वरचा-खालचा यातून विनोद काढण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही. पटकथा अँडी ब्रेकमन यांची.

पहिल्या वेळी स्टीव्ह मार्टिनची सिल्व्हर्सशी तुलना करत बसू नका. सिल्व्हर्सचा बिल्को रस्त्यावरच्या जुगाऱ्यासारखा, सदैव घाईत. मार्टिनचा बिल्को स्वतःवर खूश, जरा नाटकी आणि आतून शांत. तो फसवतो तेही लाडीगोडी लावत. डॅन अ‍ॅक्रॉइडचा कर्नल हॉल माझ्या मते चित्रपटातलं सर्वांत नेमकं काम आहे. कर्नलला सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, हे त्याने शेवटपर्यंत उघड केलेलं नाही. कानाडोळा करणाऱ्या साहेबाचा चेहरा कसा असतो ते त्याच्याकडे बघून कळतं. रीटाच्या भूमिकेत ग्लेन हेडली आहे. बिल्कोने तिला लग्नाच्या मंडपात पुन्हा पुन्हा ताटकळत ठेवलंय आणि आता तिने त्याला शेवटची मुदत दिली आहे. ही उपकथा पातळ आहे, तरी हेडलीमुळे निभावते. क्रिस रॉक छोट्या भूमिकेत भेटतो. लेफ्टनंट मंडे ही भूमिका करणारी कॅथरीन सिल्व्हर्स ही फिल सिल्व्हर्सची लेक आहे. तिला पडद्यावर बघताना जुन्या मालिकेचा धागा हातात आल्यासारखं वाटतं.

आणि फिल हार्टमनचा मेजर थॉर्न. एके काळी बिल्कोने बॉक्सिंगच्या सामन्यात गडबड केली, आळ थॉर्नवर आला आणि त्याची रवानगी थेट ग्रीनलंडला झाली. त्यामुळे तो बिल्कोला पाण्यात पाहतो. नियमाने बघाल तर थॉर्नचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बिल्को लबाड आहे, त्याला पकडलंच पाहिजे. म्हणूनच पटकथा थॉर्नला हळूहळू वाकवत नेते. तो नोंदी बदलायला लागतो, खोटे पुरावे तयार करतो. आता दोघेही कागद फिरवतात, पण एक हाताखालच्यांना सांभाळत, दुसरा सूडापोटी. थॉर्न प्रामाणिक राहिला असता तर प्रेक्षक कुठे उभा राहिला असता? चित्रपटाने या प्रश्नाला बगल दिली, असं मला वाटतं. मालिका बघून आलेल्याला ही बगल लगेच जाणवते. मात्र हार्टमनने थॉर्नचा तिरस्कार इतका सभ्य, इस्त्रीच्या कपड्यातला ठेवलाय की तो प्रत्येक प्रसंगात बघत राहावा.

नवखा शिपाई वॉली होलब्रुक हा तुमचा सोबती. तळाची ओळख त्याला होते तशी तुम्हाला होते. कोणतीही गोष्ट कळेनाशी झाली की त्याच्या चेहऱ्याकडे बघा. उडत्या रणगाड्यामागचं शास्त्र शोधू नका, तिथे काही नाही. वरून पैसा येतोय म्हणून प्रकल्प चालू ठेवायचा आणि पाहुण्यांसमोर तो चालतोय असं दाखवायचं, हीच त्याची खरी भूमिका. कर्नलची ही लपवाछपवी आणि बिल्कोची लबाडी यांत फरक कितीसा, हा विचार करत बघितलंत तर शेवटचा प्रात्यक्षिकाचा प्रसंग जास्त रंगतो.

पाचवी पायरी: एक डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून बघा

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा विनोद मोजू नका, एक डाव निवडा आणि त्याचे टप्पे पकडा. बिल्को आधी समोरच्याची हौस हेरतो. कर्नलला शांतता हवी असते, कर्नलच्या बायकोला कौतुक, शिपायांना रजा. मालिकेत तो मिसेस हॉल यांना बघून कोणी तरुण सिनेतारका आली की काय असा चेहरा करतो आणि त्या दर वेळी लाजतात. मग तो स्वतः काहीच मागत नाही. उलट नको नको म्हणतो. बोलणं अशा वळणावर आणतो की ती कल्पना समोरचाच मांडतो. त्यानंतर कागद येतो, त्यावर साहेबाची सही होते आणि डाव अधिकृत ठरतो. चौथा टप्पा बिघाडाचा. अगदी शेवटी काही तरी असं उपटतं, बहुतेक वेळा एखाद्याचा साधेपणा किंवा बिल्कोचाच कळवळा, की पैसा हातोहात निसटतो. मालिकेचं मूळ नाव तेच तर सांगत होतं.

हा चौथा टप्पा नसेल तर हे पात्र सहन होणार नाही. पैसे जिंकून ऐषआरामात बसलेला बिल्को हा नुसता भ्रष्ट माणूस ठरेल. शिवाय तो लुबाडतो कोणाला तेही बघत जा. स्वतःच्या पोरांच्या खिशातला पगारही तो पत्त्यांत काढून घेतो हे खरं, पण बाहेरचा कोणी त्यांच्या अंगावर आला की तोच आधी पुढे होतो. पलटणीचं त्याच्यावरचं प्रेम यातून आलेलं आहे. असा प्रसंग येतो तिथे मार्टिन आणि सिल्व्हर्स दोघेही बोलण्याचा वेग कमी करतात. तेवढं नीट ऐका.

थोड्या कामाच्या गोष्टी

सबटायटल लावाच, इंग्रजी चांगलं असलं तरी. हुकुमांचा मारा आणि लष्करी आद्याक्षरं कानाने पकडणं अवघड जातं. ‘आयजी’ असं ऐकू आलं की समजा इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे तपासणी करणारं खातं, थॉर्न तिथलाच. मुलांबरोबर बघणार असाल तर चित्रपटाला अमेरिकेत पीजी, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा असं, प्रमाणपत्र आहे, जुगार आणि थोडी चावट बोलणी आहेत, रक्तपात नाही. मालिकेचे भाग आणखी निवांत. एकापाठोपाठ एक सात-आठ भाग मात्र बघू नका. साचा तोच असल्याने चव बोथट होते. दिवसाला एक पुरे.

चित्रपटाची श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. अमेरिकन लष्कराने केलेल्या संपूर्ण असहकाराबद्दल निर्मात्यांनी तिथे आभार मानले आहेत. अमेरिकेत संरक्षण खातं चित्रपटांना तळ, वाहनं, सैनिक पुरवतं, पण आधी पटकथा वाचून आणि ती पसंत पडली तर. तळावरची वाहनं भाड्याने देणाऱ्या सार्जंटची गोष्ट त्यांना रुचण्यासारखी नव्हतीच.

यानंतर आणखी काही बघावंसं वाटलं तर १९६१ ची कार्टून मालिका ‘टॉप कॅट’ शोधा. गल्लीतल्या मांजरांची टोळी आणि तिचा लबाड म्होरक्या ही रचना थेट बिल्कोवरून घेतलेली आहे, आणि त्यातल्या बेनी या गुबगुबीत मांजराला आवाज दिलाय तो मॉरिस गॉसफील्डनेच.